अर्ध्या गाडीचे पत्र : गोव्यातील रस्ते-अभियंत्यांना

गोव्यात रस्ते आखणाऱ्या, बांधणाऱ्या आणि काम पुरे झाले म्हणून मोजमाप पुस्तिकेत सही करणाऱ्या सर्व अभियंत्यांना,

स. न. वि. वि.

मी डिचोली तालुक्यातल्या मये गावची. पणजीत पाटोवरच्या एका कार्यालयात हिशेब सांभाळते. गेली 24 वर्षे माझे रोजचे जाणे-येणे दुचाकीवरून आहे. मयेहून चोडण, चोडणच्या धक्क्यावरून फेरीबोटीने रायबंदर आणि तिथून पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात घातलेल्या लांबलचक बांधावरून पाटो. जाताना डाव्या हाताला मिठागरे, उजव्या हाताला मांडवी. आजपर्यंत दोन स्कूटर झिजवल्या, तिसरी चालू आहे. रविवारसाठी एक जुनी 150 सीसीची मोटरसायकलही घेतली आहे, तिचे पुढे सांगते.

पत्र लिहायला निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होता तेव्हा त्याला वाहनांची मोजणी करायचे काम मिळाले होते. सकाळी सातला तिठ्यावर जाऊन उभे राहायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे कागदावर एक रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. संध्याकाळी आमच्या पडवीत बसून तो बेरजा करत होता. दुचाकीचा रकाना इतका भरला होता की रेघा समासात शिरल्या होत्या. बेरीज झाली आणि त्याने तो आकडा दोनने भागला.

मी विचारले, "निम्मे का केलेस रे?"

"मावशी, नियमच आहे. स्कूटर म्हणजे 0.5."

मग त्याने मला इंडियन रोड्स काँग्रेसचे कोष्टक दाखवले. ग्रामीण रस्त्यावरून किती वाहतूक जाऊ शकते याचे. मोटार 1, बस किंवा ट्रक 3, बैलगाडी 8, स्कूटर-मोटरसायकल 0.5. हा आकडा रस्त्यावर अडवलेल्या जागेचा आणि वेगाचा आहे, माणसाच्या मोलाचा नाही, हे त्याने नीट समजावले आणि मला ते पटले. हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाला एकक का लागते ते कळते. त्या कोष्टकाशी माझे भांडण नाही. पण त्या संध्याकाळपासून रोजचा रस्ता मी वेगळ्या नजरेने बघू लागले आणि मला दिसत गेले की कागदावर जागेपुरता असलेला हा अर्धेपणा तिथेच थांबत नाही. तो रस्त्याच्या कडेत उतरतो, गतिरोधकात उतरतो, खोदून बुजवलेल्या चरात उतरतो. पूर्ण गाडीला चालेल असा रस्ता झाला की काम झाले. अर्धी गाडी आपले आपण बघून घेईल.

आणि गोव्यात तर अर्ध्या गाड्याच जास्त आहेत. राज्यात नोंदलेल्या वाहनांत दुचाकी निम्म्याहून कितीतरी अधिक आहेत, हे तुम्हांला माझ्यापेक्षा बरे ठाऊक. आमच्या भागात संध्याकाळ उलटली की बस मिळेलच असा भरवसा नसतो. कुंडई, मडकई, वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारी सत्तरी-डिचोलीची मुले रात्री बारालाही दुचाकीवरच असतात. पाव विकणारा पोदेर, मासळीवाला, टपाल वाटणारा, शाळेतली शिक्षिका, सगळे दोन चाकांवर. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन धक्क्यावर आणि बसस्थानकावर उभे असलेले पायलट तर दुसऱ्याला मागे बसवून पोट भरतात. हौशीने फिरणाऱ्यांसाठी गोवा म्हणजे दुचाकीचे माहेर. 2013 मध्ये वागातोरला पहिली इंडिया बाइक वीक भरली तेव्हा देशभरातून लोक गाड्या घेऊन आले. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या स्कूटरी आता गल्लोगल्ली दिसतात. म्हणजे कामाला जाणारे आम्ही, मजेला आलेले ते, दोघांचाही भार ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता दुचाकी डोळ्यांपुढे ठेवून केलेला नसतो. पणजीत मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, उंचावरचा वारा आणि गाड्यांचा वेग बघता तो निर्णय मी समजू शकते. पण जिथे मनाई नाही, जो रस्ता आमचाच म्हणून आहे, तिथे तरी आमचा विचार व्हावा.

तीन वर्षांमागची गोष्ट सांगते. आमच्याच तालुक्यातल्या एका रस्त्यावर मे महिन्यात हॉटमिक्स डांबरीकरण झाले. जुन्या थरावर नवा थर, त्याच्याखाली आधीचे दोन-तीन थर. रस्ता काळाभोर, गुळगुळीत. सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले. जुलैत एका सकाळी वळणावर समोरून बस आली. बसला जागा द्यायला मी नेहमीसारखी डावीकडे सरकले आणि पुढचे चाक डांबरावरून खाली, मातीत उतरले. बस गेली. मी परत वर यायला हँडल उजवीकडे वळवले. चाक चढेना. डांबराच्या उभ्या कडेला टायर घासत चालला, घासत चालला, आणि एका क्षणी गाडी उजवीकडे उलटली. मातीत पडले असते तर बरे होते, मी पडले ती डांबरावर, रस्त्याच्या मधोमध. मागून दुधाची गाडी येत होती, तिचा चालक सावध होता म्हणून हे पत्र लिहिते आहे. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर असतानाच मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी तिथे गेले आणि कड मोजली. 11 सेंटिमीटर. चारचाकीच्या रुंद चाकाला, चार टेकू असलेल्या गाडीला, ही उंची म्हणजे एक हिसका. दुचाकी मात्र तळहाताएवढ्या दोन जागांवर उभी असते. तिरक्या चालीने ती अशी कड चढूच शकत नाही, आणि आडवे होऊन चढावे तर समोरून येणाऱ्याच्या तोंडी जायचे. हे गणित तुम्हांला मी शिकवायची गरज नाही. डांबराच्या थराला दर घनमीटरचा हिशेब असतो, कडेला भरायच्या मुरुमाला कोणी विचारत नाही, एवढेच.

मी तक्रार दिली. पहिल्या खेपेला पाहणीला जे आले ते चारचाकीतून आले. काच खाली करून बघितले, रस्ता चांगला आहे म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. गाडीच्या आसनावरून ती कड दिसतच नाही. दुसऱ्या खेपेला एक तरुण कनिष्ठ अभियंता आला, स्वतःच्या मोटरसायकलवरून. मी काही सांगायच्या आधीच त्याने गाडी कडेवरून खाली उतरवली आणि हळू हळू तिरकी चढवून पाहिली. दोनदा पाय टेकावे लागले, तिसऱ्यांदा चढली. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी तिथे मुरूम येऊन पडला, पाणी मारून रोलर फिरला. दोन पावसाळे झाले, ती कड अजून भरलेली आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, पण रोज त्या वळणावरून जाताना त्याची आठवण काढते.

त्या दिवशी मला उमगले की अडते कुठे. पैशावर अडत नाही, ज्ञानावरही अडत नाही. रस्ता तपासणारा माणूस कशावर बसून येतो यावर अडते.

गतिरोधकांचे तेच. तुमच्याच मार्गदर्शिकेत गोलाकार उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे मोटार असो की स्कूटर, ताशी 25 किलोमीटरने सावकाश वर चढून सावकाश उतरावी. प्रत्यक्षात हातभर रुंदीचा डांबराचा बांध असतो, रंग उडालेला, रात्री दिव्याच्या उजेडात रस्त्यातच मिसळून गेलेला. गावकऱ्यांच्या आग्रहाने घातले जातात हे मला माहीत आहे. शाळेपाशी गतिरोधक हवा म्हणून आम्हीच अर्ज केलेले आहेत. हवा, पण मापाचा हवा. आणि वेग कमी व्हावा म्हणून रस्त्यावर आडव्या घातलेल्या त्या उंच पट्ट्या, एकापाठोपाठ एक सहा-सात! त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात येऊन पाहा. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचे, सगळे सामान दुचाकीवरून घरी जाते. पायांत नारळांची पिशवी, हँडलला सुपारीचा घोस, मागे बसलेल्याच्या खांद्यावर केळीचा घड. गणपतीही तसाच येतो. एका वर्षी आम्ही चित्रशाळेतून मूर्ती घेऊन येत होतो. नवरा स्कूटर चालवत होता, मी मागे, मांडीवर पाट, पाटावर गणपती. चिकणमातीची मूर्ती, रंग नुकताच सुकलेला. वाटेत नव्या पट्ट्या घातलेल्या. पहिल्या पट्टीवर गाडी चढली आणि मूर्तीचा वर केलेला हात थरथरला. मी तो तळव्याने मागून धरला. दुसऱ्या पट्टीला नवऱ्याने गाडीच थांबवली. मी मूर्ती घेऊन उतरले आणि उरलेल्या पट्ट्या पायी पार केल्या. मागून दोन स्कूटर आल्या, त्यांच्याही मागे गणपतीच. त्यांनीही तेच केले. रस्त्याच्या कडेने तीन बायका हातांत गणपती घेऊन चालत होत्या आणि बाजूने मोटारी पट्ट्यांवरून खडखडत, वेग न मोडता निघून जात होत्या. ज्यांचा वेग कमी व्हावा म्हणून त्या पट्ट्या घातल्या होत्या, त्या त्यांना कळल्याही नाहीत.

ज्याची कंबर आधीच गेली आहे त्या पायलटाला, मागे बसलेल्या गरोदर बाईला, त्या पट्ट्या रोज दोनदा भोगाव्या लागतात.

चरांविषयी थोडक्यात. केबल, पाणी, मलनिःसारण, सगळ्यांसाठी खोदणे आले. पण चर रस्त्याला आडवा असेल तर दणका बसून सुटका होते, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असेल तर चाक त्यात अडकून त्याच्याच मागे जाते. लांबीचा चर मातीने बुजवून पावसात सोडून देणे हे दुचाकीवाल्यासाठी उघड्या खड्ड्याहून वाईट. खड्डा दिसतो तरी. मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा रंगही तसाच, पहिल्या पावसात त्यावर ब्रेक लावला की चाक साबणावर असल्यासारखे सरकते. वळणाच्या पोटात तो रंग नको, किंवा खरखरीत हवा.

आता हौसेविषयी, कारण त्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. दुचाकी आम्ही केवळ नाइलाजाने चालवतो असे तुम्हांला वाटू नये. वडील बजाज चालवायचे आणि मी पुढे, हँडल धरून उभी असायचे. तोंडावर येणारा वारा म्हणजे वडिलांसोबतची माझी पहिली आठवण. आजही संध्याकाळच्या फेरीतून चोडणला उतरले की दिवसभराचे आकडे डोक्यातून उतरतात. दोन्ही बाजूंना खारफुटी, तारेवर खंड्या बसलेला, भरतीच्या पाण्याचा खारट वास. एप्रिलमध्ये काजूच्या भट्ट्या पेटल्या की मयेपर्यंतचा रस्ता त्या आंबूस-गोड वासाने भरून जातो. काच बंद केलेल्या मोटारीत बसणाऱ्याला यातले काही मिळत नाही. कामाचा प्रवास आणि मजेचा प्रवास असे दोन कप्पे माझ्या दिवसात नाहीत, एकाच रस्त्यावर दोन्ही आहेत.

रविवारी आम्ही पाच-सहा जण चोर्ला घाटात जातो. साखळीवरून केरी, अंजुणे धरणाचे पाणी दिसते न दिसते तोच चढण सुरू होते. सप्टेंबरात धुके इतके उतरते की पुढच्याचा लाल दिवाच तेवढा दिसतो. घाटात वेगाची मजा नसते हो, झुकण्याची असते. वळणात गाडी आपोआप आत कलते, शरीर तिच्याबरोबर कलते, आणि बाहेर पडताना ती परत सरळ होते. हे जिला एकदा कळले तिला ते सुटत नाही. चाळिशी ओलांडल्यावर मी मोटरसायकल घेतली ती यासाठीच. पण कललेल्या गाडीच्या टायरखाली मूठभर वाळू आली तर तोल सावरायला जागाच उरत नाही. पावसाने डोंगराची लाल माती वळणात वाहून येते, डागडुजीनंतर बारीक खडी तिथेच विखरून राहते. घाटातून दुधाचे कॅन घेऊन उतरणारा माणूस आणि आम्ही हौशी, दोघेही त्याच खडीवर घसरतो. डागडुजी झाल्यावर झाडू मारायला दोन माणसे आणि एक तास पुरतो.

आमच्या चुका मी लपवत नाही. हेल्मेट कोपरात अडकवून चालवणारे आहेत, तिघे बसणारे आहेत, घाटाला शर्यतीचे मैदान समजणारे आहेत. आमच्या गटात हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय चावी फिरत नाही. पण चूक माणसाकडून व्हायचीच, आणि ती झाली की जीव जाऊ नये इतका तरी रस्ता माफ करणारा असावा. केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची. निम्म्याच्या जवळ. मोजताना अर्धे असणारे आम्ही, मरताना मात्र पूर्ण मोजले जातो.

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आहे ही चांगली गोष्ट. तो वापरायची वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण त्या कलमापर्यंत पोहोचणाऱ्या घरात एक माणूस आधीच गेलेला असतो.

माझे मागणे एकच आहे. कोणत्याही रस्त्याच्या बिलावर सही करण्यापूर्वी तो रस्ता दुचाकीवरून एकदा दिवसा आणि एकदा रात्री पालथा घाला. जमल्यास पावसात, मागे कोणाला तरी बसवून. कडेला खाली उतरा, परत वर चढा. गतिरोधकावरून मांडीवर पाण्याने भरलेली कळशी धरून जा. जे खटकेल ते पुस्तिकेत लिहा आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तोपर्यंत थांबवा. आखणीच्या वेळी त्या भागातल्या एखाद्या पायलटाला विचारा, कोणत्या वळणावर पाणी साठते, कुठे दिवा नाही, कुठे गुरे बसतात, हे त्याला पाठ असते आणि तो चहाच्या एका कपात सगळे सांगतो. यासाठी नवे धोरण नको, समिती नको. त्या कनिष्ठ अभियंत्याने कोणाची परवानगी घेतली नव्हती.

तुमच्यापैकी कित्येक जण कॉलेजात असताना दुचाकीवरच फिरला असाल. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी कॉलेजकडे जाताना चढावर मित्राला मागे बसवून गाडी चढवलेली असेल. ते हात अजून विसरले नसतील.

मी सोमवार ते शुक्रवार सकाळी आठच्या सुमारास चोडणच्या धक्क्यावर असते. राखाडी स्कूटर, पुढे निळी डब्याची पिशवी. मयेपासून धक्क्यापर्यंतचा आणि रायबंदरपासून पाटोपर्यंतचा रस्ता माझ्याबरोबर बघायचा असेल तर या. मागची सीट रिकामी असते, आणि दुसरे हेल्मेट मी डिकीत ठेवलेले आहे.

आपली,
मये-पणजी मार्गावरची एक दुचाकीस्वार